सोडलेला जिताडा : खाडीच्या मुखावरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात हे घडलं. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. मी स्वतः त्या होडीवर होतो, तेव्हा माझ्याकडून पूर्ण तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका.

हौसेखातर गळ टाकणारे आम्ही चौघे. दोघे कोल्हापूरचे, एक पुण्याचे दाताचे डॉक्टर आणि मी. होडी तांडेलकाकांची (तांडेल म्हणजे होडी चालवणारा), चोवीस फुटी, फायबरची, मागे बाहेरून लावलेलं इंजिन. काका पन्नाशी ओलांडलेले. एरवी जाळं मारतात. गेली चार-पाच वर्षं शनिवार-रविवारी आमच्यासारख्यांना समुद्रात नेतात. सोबतीला त्यांचा विशीतला भाचा.

गळाने मासे धरायला तिकडे ‘गरवणं’ म्हणतात. आम्ही शहरातले लोक त्यालाच अँगलिंग किंवा स्पोर्ट फिशिंग म्हणतो आणि त्यासोबत एक गोष्ट गृहीत धरतो, जी गरवणाऱ्याच्या डोक्यातही येत नाही. ती म्हणजे धरलेला मासा परत सोडायचा.

भाडं ठरलं होतं दिवसाचे सहा हजार, पेट्रोल धरून. मासा कोणाचा, यावर एक अक्षरही बोलणं झालं नव्हतं. आमची समजूत अशी की भाडं मोजलं म्हणजे मासा आमचा, ठेवू नाहीतर सोडू. काकांची समजूत अशी की पाहुणे हौसेला एखाद-दुसरा मासा घेऊन जातात, उरलेला होडीचा. आधीच्या तीन फेऱ्यांत दोन्ही समजुती सुखाने नांदल्या, कारण मासे लहान होते. हातभर तांबोशीवरून किंवा किलोभराच्या कोकर माशावरून कोण भांडतो?

पावसाळ्यात, साधारण जून-जुलैत, यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की होड्या पाण्यात उतरतात. पण लूर (खोटं आमिष) टाकून मासा धरायचा तर पाणी निवळावं लागतं आणि ते निवळतं ऑक्टोबरात. नदीचा गढूळ लोंढा ओसरतो, बोईट माशांचे थवे खाडीच्या तोंडाशी ये-जा करू लागतात आणि त्यांच्या मागावर जिताडा हा मोठा शिकारी मासा येतो. आम्ही मुद्दाम पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस धरला होता. उधाणाच्या पाण्याला ओढ जबर असते आणि सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी खडपाच्या, म्हणजे खडकाच्या, आडोशाला जिताडा दबा धरून बसतो.

कोल्हापूरकरांपैकी एकाने जेटीवर विचारलं, मालवणच्या किल्ल्याच्या बाजूला नेता का? काकांनी सरळ नकार दिला. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, आणि किल्ल्याभोवतीचा पट्टा गाभा क्षेत्रात येतो. नियम माहीत असलेला आणि पाळणारा तांडेल मिळाला, याचं आम्हाला फार कौतुक वाटलं. त्याच माणसाशी आणखी दोन मिनिटं बोलून माशाचं काय करायचं ते ठरवून टाकावं, हे मात्र कुणाला सुचलं नाही.

सकाळची चूक

सकाळी मतलई वाऱ्यावर बाहेर पडलो. किनाऱ्यापासून तासाभरावर २५ मीटर पाण्यात एक बुडीक खडप आहे. तिथे जिग, म्हणजे वजनदार खोटी आमिषं, सोडले. तिसऱ्या-चौथ्या खेपेला डॉक्टरांना गोबरा मासा लागला, दीड-दोन किलोचा. वर आला तेव्हा डोळे बाहेर आलेले आणि तोंडातून गुलाबी फुग्यासारखं काहीतरी लोंबत होतं.

हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणजे २५ मीटरवर तो पृष्ठभागाच्या साडेतीनपट. गोबऱ्याच्या पोटात हवेची पिशवी असते. तिच्यातली हवा त्याला पटकन बाहेर टाकता येत नाही. भराभर वर ओढला की ती हवा साडेतीनपट फुगते आणि जठर तोंडातून बाहेर ढकलते. लोंबणारा फुगा म्हणजे हवेची पिशवी समजून लोक त्याला सुई टोचतात. प्रत्यक्षात ते माशाचं जठर असतं.

डॉक्टरांनी फोटो काढला आणि मासा पाण्यात सोडला. तो उलटा तरंगत राहिला. शेपूट दोनदा हलली. आम्ही पाहत होतो, काका पाहत होते. पाच-सात मिनिटांत वर एक समुद्रगरुड घिरट्या घालू लागला आणि मग मासा उचलून किनाऱ्याकडे निघून गेला.

भाचा म्हणाला, “मेलो तो. आता तेका सोडून काय उपेग?”

कोणीही उत्तर दिलं नाही. काकांनी नांगर उचलायला घेतला. त्या क्षणापासून आमचं ‘सोडणं’ हा होडीवरच्या दोघांच्या लेखी शहरी लोकांचा एक विचित्र खेळ झाला. संध्याकाळी जे बिनसलं, त्यातला निम्मा भाग या गोबऱ्याच्या खात्यावर टाकावा लागेल.

अडचण : मोठा मासा, हलकी दोरी

दुपारी खारा वारा सुटला तसे आत आलो, जेवलो, झोपलो. साडेचारला खाडीच्या मुखाशी गेलो. सुकती लागली होती. मुखाच्या दक्षिणेला कातळाची रांग आहे आणि बाहेर वाळूचा दांडा, ज्यावर सुकतीत लाट फुटते. काकांनी कातळापासून वीस-पंचवीस मीटरवर नांगर टाकला.

पाच पन्नासला डॉक्टरांच्या लूरवर मासा लागला. रॉड हलका होता, दोरी वीस पौंडी, कारण त्यांना तांबोशी अपेक्षित होती. पहिल्याच धावेत साठ-सत्तर मीटर दोरी गेली आणि मग मासा पाण्याबाहेर उसळला. तांबूस उजेडात चांदीची फळी उभी राहिल्यासारखा दिसला. “चोणक!” भाचा ओरडला. रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तोच हा मासा. साहेबाच्या घरी जिताडा पोचवला की अडलेलं काम होतं, अशी तिकडे जुनी थट्टा आहे. त्यावरून त्याचा मान कळावा.

मासा कातळाकडे वळला. दोरी घासली असती तर खेळ तिथेच संपला असता. काकांनी न विचारता नांगर उचलला आणि होडी माशामागे नेली. निर्णय बरोबर होता, पण त्याची किंमत पुढे मोजावी लागली. नांगर नसलेली होडी सुकतीबरोबर हळूहळू दांड्याकडे सरकू लागली.

चोवीस मिनिटांनी मासा होडीला लागला. वेळ व्हिडिओवरून मोजली आहे. भाच्याने जाळीत घेऊन वर काढला आणि फळीवर ठेवला. लांबी १०४ सेंटिमीटर. वजन केलं नाही. बारा-तेरा किलो असावं.

आता जिताड्याविषयी एक गोष्ट. व्याकरणात तो पुल्लिंगी, जीवशास्त्रात अर्धाच. जिताडा जन्मतो तो बहुधा नर म्हणून, काही वर्षं नर म्हणून जगतो आणि साधारण ८० सेंटिमीटरच्या पुढे गेल्यावर मादी होतो. म्हणजे फळीवर जे पडलं होतं ती जवळजवळ नक्कीच मादी होती, एका पावसाळ्यात लाखोंनी अंडी घालणारी. (गोबऱ्याचं नेमकं उलटं, तो आधी मादी असतो आणि मोठेपणी नर होतो. सकाळी आणि संध्याकाळी आम्ही निसर्गाच्या दोन्ही टोकांना हात लावला होता.) ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० पेक्षा मोठा जिताडा घरी नेता येत नाही. लहानांना वाढायला मिळावं आणि मोठ्या माद्या राहाव्यात, असा त्यामागचा हिशेब. खरं सांगायचं तर त्या नियमानेही आमचा मासा घरी नेता आला असता.

डॉक्टर म्हणाले, “सोडूया.” काकांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

पुढ्यातले पर्याय

पुढची दोन मिनिटं पन्नास सेकंद मासा पाण्याबाहेर होता आणि आम्ही वाद घालत होतो. व्हिडिओ आजही बघवत नाही. आवाज आमचे आहेत आणि चित्रात फक्त माशाचे कल्ले उघडमीट करताना दिसतात.

बोलण्यातून जे पर्याय पुढे आले ते असे. मासा होडीला द्यायचा. त्या दिवशी गावात चोणक सातशे रुपये किलो होती, म्हणजे साडेआठ-नऊ हजार, दिवसाच्या भाड्याच्या दीडपट. कोल्हापूरकरांपैकी एकाचं मत याच बाजूला होतं: “आपली हौस झाली, त्यांचं पोट आहे.” दुसरा म्हणाला, अर्धा आपण नेऊ, अर्धा त्यांना देऊ. यात कोणीच दुखावलं नसतं, पण मासा मेला असता आणि डॉक्टरांना ते नको होतं. तिसरा पर्याय, सोडायचा आणि काकांना पैसे द्यायचे. चौथा, भाडं दिलंच आहे, सोडायचा आणि विषय संपवायचा. हा चौथा कोणी उघड बोललं नाही, पण मी तो मनात धरला होता हे कबूल करतो.

एक प्रश्न मात्र कोणीच विचारला नाही. हा मासा सोडला तर जगेल का? लूरला तीन-तीन काट्यांचे दोन गळ होते. पुढच्याचा एक काटा जबड्याच्या कोपऱ्यात होता, ते ठीक. मागचा गळ कल्ल्याच्या झाकणाला बाहेरून अडकला होता. कल्ल्याच्या आतून रक्त येत असतं तर सोडण्यात अर्थ नव्हता. असा मासा क्वचितच वाचतो. सुदैवाने रक्त नव्हतं. पण हे आम्ही तेव्हा तपासलं नाही, नंतर व्हिडिओत पाहिलं.

मग डॉक्टरांनी विचारलं, “काका, किती होतील याचे?”

काका गप्प. भाचा म्हणाला, “आठ हजार तरी.”

डॉक्टर म्हणाले, “पाच देतो.”

त्यांच्या मनात घासाघीस नव्हती. खिशात तेवढेच होते, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. पण होडीवर ते बाजारातल्यासारखं ऐकू आलं. काकांनी हात झटकला. “पैशे नको. सोडा तुमी.” भाचा हळू आवाजात, पण ऐकू जाईल असं पुटपुटला, “ह्या म्हंजे पैशे पाण्यात टाकल्यासारख्या झाला.”

प्रत्यक्षात काय केलं

पकडीने दोन्ही गळ काढले. काट्यांना उलटे दात होते, त्यामुळे कल्ल्याजवळचा काढताना वेळ गेला. मासा पाण्यात घेतला तर तो कुशीवर कलंडला. डॉक्टर त्याला शेपटीला धरून पुढे-मागे हलवू लागले, जसं आपण पुष्कळ व्हिडिओत पाहतो. हे चूक आहे. मासा तोंडाने पाणी घेतो आणि कल्ल्यांतून बाहेर टाकतो. मागे ओढला की पाणी उलटं शिरतं. चोवीस मिनिटांच्या झुंजीने त्याच्या स्नायूंत आम्ल साचलेलं, वर ऑक्टोबरचं कोमट पाणी, ज्यात प्राणवायू आधीच कमी.

एव्हाना दांड्यावर फुटणाऱ्या लाटेचा आवाज जवळ आला होता. काकांनी मागे पाहिलं आणि इंजिन सुरू केलं. मला वाटलं आता ते मासा टाकायला सांगणार. त्यांनी होडीचं नाक प्रवाहाकडे वळवलं, इंजिन अगदी मंद ठेवलं आणि डॉक्टरांना म्हणाले, “तोंड फुडे धरा तेचा. हालवू नको. पाणी आपसूक जायत.”

अकरा मिनिटं होडी सुकतीच्या विरुद्ध मुंगीच्या पावलांनी चालत राहिली. दांड्यापासून लांब जाणं आणि माशाला पाणी पाजणं, दोन्ही कामं एकाच हालचालीत झाली. डॉक्टर बाजूवर ओणवे, एक हात जबड्याखाली, दुसरा पोटाखाली. अंधार पडला. सहा-सात मिनिटांनी कल्ल्यांची उघडमीट एका लयीत आली, मग मासा स्वतः सरळ राहू लागला. शेवटी शेपटीचा एक फटकारा बसला, डॉक्टरांच्या तोंडावर पाणी उडालं आणि हात रिकामे.

मासे सोडण्याची शिकवणी घेऊन आलो होतो आम्ही. मासा सोडला तो ज्याला सोडायचा नव्हता त्याने. आमच्यावर रागावलेल्या माणसाने इतकी नीट होडी का चालवली, हे मी नंतर त्यांना विचारलं. ते म्हणाले, सोडायचा म्हटल्यावर मारून कशाला सोडायचा.

निष्पत्ती

मासा जगला का, हे आम्हाला माहीत नाही आणि कळायचा मार्गही नाही. त्याला खूणपट्टी लावलेली नव्हती. आपल्या ताकदीने खाली गेला, एवढंच पाहिलं. झुंजीने दमलेला मासा तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशीही मरू शकतो.

काकांनी त्या रात्री सहा हजारच घेतले. डॉक्टरांनी जादाचे पाच हजार पुढे केले तेव्हा चहा पिऊन जा म्हणाले आणि पैशांकडे पाहिलं नाही. नंतर पंधरा दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर एकटेच एस.टी.ने गावात गेले. काय बोलले ते दोघांनाच ठाऊक. परत आले ते एक ठराव घेऊन.

ठराव साधा आहे. भाडं सहाचं साडेसात हजार, मासा लागो न लागो, सोडो न सोडो. ८० सेंटिमीटरच्या वरचा जिताडा सोडायचा. त्याखालचे घरापुरते दोन मासे आमचे, उरलेला होडीचा. ज्या माशाच्या कल्ल्यातून रक्त येतं किंवा जो खोल पाण्यातून फुगून वर येतो, तो होडीचा, त्यात चर्चा नाही. एकेका माशाची किंमत होडीवर काढायची नाही, हे काकांचं कलम आणि माझ्या मते सगळ्यांत शहाणं.

नोव्हेंबरअखेर याच अटींवर गेलो. दोन जिताडे, दोन्ही सत्तरच्या आतले. एकच आम्ही ठेवला, तो काकूंनी तिरफळ घालून केला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत आधी गोबरा. तो सोडायलाच नको होता. वाचण्याची शक्यता जवळजवळ नसलेला मासा तत्त्वासाठी सोडला आणि वाचू शकणाऱ्या माशाच्या वेळी ते तत्त्व हास्यास्पद ठरलं. सकाळी तोच गोबरा काकांच्या हाती दिला असता तर संध्याकाळचं बोलणं वेगळ्या सुरात झालं असतं, याची मला खात्री आहे. सोडायचाच होता तर त्याला परत खोलीवर पोचवायला हवं होतं. दोन किलोचं शिसं, त्याला उलटा बांधलेला, दात ठेचलेला एक मोठा गळ. तो माशाच्या खालच्या जबड्यात अडकवून शिसं खाली सोडायचं. खाली दाबाने हवा पुन्हा आक्रसते, वरून हिसका दिला की गळ सुटतो. होडीत शिसं होतं, गळही होता. युक्ती माहीत होती ती फक्त मला आणि मी फोटो काढत होतो.

दोरीबद्दल आमच्यात अजून मतभेद आहेत. डॉक्टरांचं म्हणणं, हलक्या दोरीवर मोठा मासा हीच तर मजा. मला वाटतं जिथे जिताड्याची शक्यता आहे आणि तो सोडायचा आहे, तिथे तीस-चाळीस पौंडी दोरी आणि त्यापुढे जाड लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड दोरीचा तुकडा, हवा. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, नुसती दोरी सहज कापते. झुंज दहा-बारा मिनिटांत आटोपली असती तर अकरा मिनिटं पाणी पाजावं लागलं नसतं. तीन काट्यांचे गळ काढून एकेरी गळ लावणं आणि पकडीने त्याचे उलटे दात दाबून टाकणं यावर मात्र आता एकमत आहे. त्याने मासे थोडे जास्त निसटतात. निसटू देत.

मासा फळीवर घ्यायलाच नको होता. जाळीत, पाण्यातच ठेवून वाद घातला असता तरी चाललं असतं. लांबी मोजायची तर होडीच्या बाजूला रंगाने खुणा करता येतात. आता केल्या आहेत.

नांगराचा धडा काकांनी स्वतः काढला. आता दोरीच्या टोकाला एक रिकामा पाच लिटरचा कॅन बांधलेला असतो. मोठा मासा लागला की नांगर उचलायचा नाही, कॅनसकट दोरी पाण्यात टाकायची आणि नंतर परत येऊन उचलायची. धावपळ वाचते आणि परतायची जागाही पक्की राहते.

पैशांच्या बाबतीत माझं मत डॉक्टरांपेक्षा कडक आहे. पाच हजार म्हणणं ही चूक नव्हती; तिथे, त्या वेळी, मासा तडफडत असताना रकमेवर बोलणं ही चूक होती. काकांनी ‘हो’ म्हटलं असतं तर भाच्यासमोर विकले गेल्यासारखं झालं असतं, ‘नाही’ म्हटलं तर नऊ हजार गेले. त्यांना आम्ही अशा जागी उभं केलं जिथून मान राखून बाहेर पडायला वाट नव्हती.

एक आक्षेप मात्र ठरावातही सुटलेला नाही. नोव्हेंबरच्या फेरीत भाचा पकडीने गळांचे दात दाबत बसला होता. मान वर न करता म्हणाला, “आमी सोडलेलो मासो उद्या दुसऱ्याच्या जाळ्यात गावतलो. मगे?” खाडीच्या तोंडाशी रात्री चार-पाच जाळी लागतात, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. काका इंजिनाकडे बघत राहिले. डॉक्टरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. भाच्याने दाबलेला गळ बोटाने चाचपून पाहिला आणि पुढचा हातात घेतला.